मारुंजीच्या दिशेला जपान

आमच्या परसात एक अँटेना होता आणि तो मी रोज संध्याकाळी फिरवत असे. तो कशालाही जोडलेला नव्हता. त्याची जाडजूड केबल खोलीत यायची, पण तिच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती खुंटीला गुंडाळून ठेवलेली होती. तरी कारखान्यातून आलो की मी पाय धुवायचो, दादाच्या खोलीत जायचो आणि मोटरीचा खटका दाबायचो. बाहेर अँटेनाचा आख्खा पाइप घरघरत एक पूर्ण फेरी घ्यायचा, मग उलट फिरून जागेवर यायचा. याला वेड म्हणतात हे मला कळत होतं. बायको तर तोंडावर म्हणायची. पण मी शब्द दिला होता आणि तो एका कावळ्यानं ऐकला होता.

दादा माझा थोरला भाऊ. वयात इतकं अंतर की मला तो भावापेक्षा मास्तर वाटायचा. फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांच्या खात्यात होता. एकाहत्तरची लढाई झाल्यावर पेन्शन घेऊन गावी आला. पौडच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगाला आमचं घर आणि चार वावरं. माणूस आता शेती बघेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं आधी हौशी रेडिओचं लायसन काढलं, मग एका खोलीत जगभर बोलायच्या यंत्रांच्या पेट्या मांडल्या आणि परसात लोखंडी पाइप उभा करून त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना चढवला. खालून तो माशाच्या काट्यासारखा दिसायचा, म्हणून गावात त्याचं नाव काटा पडलं. पुढं आम्हीही काटाच म्हणू लागलो.

या काट्याची गंमत अशी की त्याचं तोंड जिकडं असेल तिकडचाच आवाज चांगला यायचा. जपानच्या माणसाशी बोलायचं तर काटा जपानकडं वळवावा लागायचा. आता पाइपाचं खालचं टोक परसात आणि दादाचं बोलणं खोलीत. एकाच माणसाला दोन्ही जमेना. तेव्हा हे वळवायचं काम वहिनींकडं आलं.

मला ते अजून दिसतं. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत असायच्या आणि खिडकीतून दादा हाक मारायचा. नाव घ्यायची पद्धत नव्हती, नुसतं 'अगं'. तशाच पिठाच्या हातांनी त्या बाहेर जायच्या, पाइपाला दोन्ही हातांनी धरायच्या आणि दादा सांगेल तसा फिरवायच्या. त्यांना जपान कुठं आहे हे सांगून काय उपयोग? म्हणून दादानं आमच्या मुलखाच्या खुणा ठरवल्या होत्या. मारुंजीकडं म्हणजे जपान. ताम्हिणीकडं म्हणजे आफ्रिका. भूगाव म्हणजे जवळपास ऑस्ट्रेलिया, फक्त थोडं उजवीकडं. वहिनी कधी भूगावच्या पुढं गेल्या नव्हत्या, पण जगाच्या चारी कोपऱ्यांना काटा त्यांनी लावला होता. मी त्यांना चिडवायचो, की वयनी, आज मारुंजीत भात कसा पिकलाय ते विचारा. त्या हसायच्या.

"मारुंजीकडं. अजून. अजून थोडा," दादा ओरडायचा. मग म्हणायचा, "बास."

"व्हय," वहिनी म्हणायच्या, हात पुसायच्या आणि आत जायच्या.

दादा मुळात अबोल. जगातल्या अनोळखी माणसांशी इंग्रजीत तासन्‌तास हवापाण्याच्या गप्पा मारील, पण घरात तोंड उघडील तर शपथ. जेवताना मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा. मला त्याचा फार राग यायचा. एकदा मी त्याला म्हणालोही, की वयनींना पण एक यंत्र घेऊन दे, म्हंजी तुझ्याशी बोलता यील. त्यानं सोल्डरिंगची कांडी परत हातात घेतली.

पुढं एका पावसाळ्यात वहिनी परसात घसरल्या आणि त्यांचा हात मुरगळला. त्यांनी हळद लावून बांधला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाइप धरला. त्याच आठवड्यात दादा पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर घेऊन आला. कुठून तरी आटेदार दांड्यानं चाक फिरवणारी एक वर्म गियरची पेटी मिळवली, सायकलची चेन आणि दोन चाकं घातली. माझा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेला, तेव्हा लेथवरची कामं मी करून दिली. पाइपाच्या बुडाशी एक मोठं चाक आणि ते पाइपाला आवळून धरणारा दोन नटांचा पट्टा, असा तो रोटेटर तयार झाला. खोलीत एक डबा, त्याला एक खटका आणि एक सुई. सुई दिशेच्या ज्या अक्षरावर असेल तिकडं काटा असायचा. वीज आमच्याकडं असून नसल्यासारखी. धरण आमच्या उशाशी, पण त्याची वीज मुंबईला जायची. म्हणून दादानं मोटर ट्रकच्या बॅटरीवर चालवली.

पहिल्यांदा खटका दाबला आणि काटा आपला आपण वळला, तेव्हा दादा लहान पोरासारखा हसला. मला म्हणाला, "आता तिला तरास न्हाई." बायकोसाठी त्यानं आयुष्यात केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. मी वहिनींकडं पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, हातांना पीठ होतं. त्यांनी काटा पाहिला, मोटर पाहिली आणि आत गेल्या.

त्या मोटरीची एक खोड होती. पाइपाला आधार म्हणून आम्ही तो स्वयंपाकघराच्या भिंतीला कड्यानं धरला होता. मोटर सुरू झाली की तिची घरघर पाइपातून भिंतीत यायची आणि मांडणीवरची फुलपात्रं किणकिणायची. दादाची आता हाक येत नसे, नुसती फुलपात्रं वाजायची. मग कळायचं की दादा कुणाशी तरी बोलतोय.

दादा गेला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. दुपारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही. आजारपण नाही, निरोप नाही, शेवटचा शब्द नाही. त्याचं असं जाणं त्याच्या स्वभावाला धरूनच होतं, पण वहिनींना ते फार लागलं. त्यांना रडता येईना. मुलगी एकच, ती सासरी. मुलगा नव्हता, म्हणून सगळं माझ्या हातून झालं.

दहाव्याला आम्ही मुळा नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरलो. पलीकडं करंजावर कावळे बसले होते, चांगले पाच-सहा. एक खाली येईना. मला या गोष्टींचा भयंकर तिटकारा. कावळ्याला भूक असली की येतो, नसली की नाही, असं मी दर दहाव्याला म्हणायचो आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खायचो. पण तुमच्या सख्ख्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही आणि सगळं गाव तुमच्या पाठीकडं बघत उभं असतं, तेव्हा ही अक्कल कुठं जाते कोण जाणे.

मग नेहमीचं सुरू झालं. गेलेल्याची कुठली इच्छा राहिली असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं. चुलते म्हणाले, लेकीचं बाळंतपण आम्ही करू. कावळा येईना. भावकीतल्या एकानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं, एरवी तो जन्मात मिटवणारा नव्हता. तरी येईना. ऊन चढलं, बायका पदर घेऊन करंजाच्या सावलीत उभ्या होत्या, त्यांच्यात वहिनी होत्या. भटजी घड्याळ बघायला लागले. दर्भाचा कावळा करायचा का, असं कुणीतरी हळूच म्हणालं. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझा भाऊ काय इतका टाकाऊ होता?

मी पुढं झालो आणि हात जोडून म्हणालो, "दादा, तुजा काटा मी फिरता ठेवीन. मी हाय तवर बंद पडू देनार न्हाई."

कावळा आला. करंजावरून सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली आणि गेला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वहिनींकडं पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या.

त्यामुळं मी अडकलो. दादाच्या पेट्या नियमाप्रमाणं पुण्यातल्या एका लायसनवाल्या गृहस्थांनी नेल्या. त्यांना अँटेनाही हवा होता. मी नाही म्हणालो. का, ते सांगायची लाज वाटली. मला लायसन नव्हतं आणि बोलायचंही कुणाशी नव्हतं, पण रोज संध्याकाळी मी खटका दाबू लागलो. मोटर घरघरायची, भिंतीपलीकडं फुलपात्रं किणकिणायची. ती वाजायला लागली की वहिनी हातातलं काम टाकून मागच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, भिंतीकडं तोंड करून. फेरी संपेपर्यंत उठायच्या नाहीत. मला वाटायचं, त्या दादाला ऐकतायत. त्या वाळत चालल्या होत्या, बोलणं कमी झालं होतं, ताटातलं तसंच राहायचं. मनात एकच धाक बसला होता. काटा थांबला तर या बाईचा जीव राहायचा नाही. तेवढ्या एका आवाजावर ती तगून आहे.

म्हणून मी तो रोटेटर जिवापाड जपला. पावसाळ्यात मोटरीवर पत्र्याचं झाकण केलं. ग्रीस भरलं. चेन दर दिवाळीला रॉकेलमध्ये धुतली. वर्मचे दाते झिजले तेव्हा कारखान्यात ओव्हरटाइमला थांबून नवा वर्म पाडला. माझ्या पोराची तीनचाकी सायकल मोडून पडली होती, ती दुरुस्त करायला मला वेळ झाला नाही. बायको म्हणाली, तुमचा भाऊ जिता होता तेव्हा एवढं केलं असतं तर. तिचं बरोबर होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

मग एक विचित्र प्रकार सुरू झाला.

एका रविवारी मी उन्हं वर आल्यावर परसात गेलो आणि पाहतो तर काट्याचं तोंड ताम्हिणीकडं. आदल्या संध्याकाळी मी तो उत्तरेला सोडला होता, रोज सोडायचो तसा. खोलीत जाऊन डबा पाहिला. सुई उत्तरेवरच होती. म्हणजे मोटर फिरली नव्हती, काटा फिरला होता. मी पाना घेऊन पाइपाच्या बुडाशी बसलो. पट्ट्याचे नट किंचित सैल वाटले. वारं लागून पाइप पट्ट्यात सरकला असणार, असं मी ठरवलं. काटा हातानं जागेवर आणला आणि नट आवळले.

पुन्हा तेच झालं. मग वारंवार होऊ लागलं. मी पहाटेच्या अंधारात पहिली एस.टी. धरायचो, संध्याकाळी यायचो, तेव्हा काट्याचं तोंड भलतीकडं असायचं आणि सुई उत्तरेला. मी स्प्रिंग वॉशर घातले. मग नटावर नट चढवले. जितकं आवळायचो तितका तो फिरायचा. वारं कसलं, पान हलत नसे अशा दिवसांतसुद्धा फिरायचा.

गावाच्या नजरेतून काही सुटत नाही. आमचे चुलते एकदा वाटेत भेटले आणि सहज म्हणाले, "आज तुजा दादा पौडाकडं बगत हुता." त्यांनी ते चेष्टेनं म्हटलं नव्हतं. मग कळलं की गावात रोज सकाळी आमच्या काट्याकडं बघायची सवयच लागलीय. आज इकडं तोंड, आज तिकडं. ज्या घराकडं तोंड असेल त्या घरातल्या बायका उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायच्या. एकीच्या नातवाला ताप होता आणि काटा त्यांच्या घराच्या रोखानं. तिनं माझ्या बायकोला विचारलं की आमच्याकडं काय राहिलंय थोरल्या भावजींचं. बायको घरी येऊन म्हणाली, एकतर ते काढा, नाहीतर मी माहेरी जाते.

मी कारखान्यातला माणूस. मायक्रोमीटरवर विश्वास ठेवणारा. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. पाइपावर माझ्या छातीएवढ्या उंचीला पांढरे ठिपके दिसायचे, वाळलेले, खरपुडीसारखे. वर कावळे बसतात, त्यांची घाण, असं मी मनाशी म्हणायचो आणि कावळा हा शब्द मनात आला की अंगावर काटा यायचा. एका संध्याकाळी परत आलो तर काट्याचं तोंड सरळ घराकडं होतं. दादाच्या खोलीच्या खिडकीकडं. मी खटक्याला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. वरून कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं इतकं स्पष्ट वाटलं की मी वर न बघता खटका दाबला. शब्द मी पाळत होतो. मग दादा अजून का घुटमळत होता? माझं काय चुकत होतं, हे मला कळेना. वहिनींना विचारायची तर छातीच होईना. त्या आणखी खंगल्या होत्या.

आणि एका सकाळी पहिली एस.टी. आलीच नाही. पौडला बंद पडलीय, असं सायकलवरून येणाऱ्या एकानं सांगितलं. थोडा वेळ वाट पाहून मी घरी परतलो. उजाडलं होतं. बायको दूध घालायला गेली होती. घराला वळसा घालून परसात शिरलो आणि तिथंच थांबलो.

वहिनी पाइपाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात माझा पाना होता. सराईतासारखे त्यांनी वरचे नट काढले, खालचे सैल केले, पाना पदरानं पुसून बाजूला ठेवला. मग उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी पाइप धरला आणि फिरवायला लागल्या. हातांना पीठ होतं. तांदळाच्या भाकरीचं पांढरं पीठ. वर काटा हळूहळू वळत होता. त्या मध्येच थांबायच्या, मान जराशी वाकडी करून खिडकीकडं कान द्यायच्या आणि पुन्हा फिरवायच्या.

त्यांनी मला पाहिलं तेव्हा दचकल्या नाहीत. पाइप सोडला नाही.

मला राग आला. इतक्या महिन्यांची भीती एकदम रागाच्या वाटेनं बाहेर पडली. मी विचारलं, हे काय चाललंय, गाव आपल्याला भुताळी म्हणतंय, मी झोपत नाही, तुम्हाला काही कल्पना आहे का. त्या खाली बघत ऐकून घेत होत्या. मग हळू आवाजात त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पायरीवर बसलो.

नदीवर मी पुढं होऊन कबूल केलं, त्याच वेळी करंजाखाली त्यांनीही मनातल्या मनात कबूल केलं होतं. बायकांना तिथं कोण विचारतं? त्या दादाला म्हणाल्या होत्या, ती मोटर राहू द्या, मीच फिरवीन पहिल्यासारखा, तुम्ही नुसती हाक मारा. आणि कावळा आला होता. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण कावळा आपल्यासाठीच आला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मला माझ्यासाठी.

"मग बोलला का न्हाई?" मी विचारलं.

"तुमी समद्यांम्होरं शबूद दिला हुता," त्या म्हणाल्या. "तो कसा मोडायचा? सांजच्याला तुमची मोटार वाजली का मला वाटायचं, झालं, आजबी हाक आली न्हाई. भांडी वाजत्यात नुसती. मोटार आली तवापास्नं त्यांनी मला हाक मारली न्हाई, भावजी. एकदाबी न्हाई."

तिला त्रास नको म्हणून दादानं ती मोटर बसवली होती. मी स्वतः तिचे भाग कातले होते. बाई दारात उभी राहून बघत होती तेव्हा आम्ही दोघं भाऊ हसत होतो. आणि त्यानंतर इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, भक्तिभावानं, मी तिच्या कानाशी तेच वाजवत आलो होतो.

"लई वरसं दम धरला. आता रोज फिरवती," त्या म्हणाल्या. "पन थांबायचं कुटं त्येच कळत न्हाई. मंग हात भरून आलं का सोडून देती. असं अर्धंच ऱ्हातंय बगा. बास कोन म्हननार?"

त्यांनी पुन्हा पाइपाकडं तोंड केलं. आता माझ्यापासून लपवायचं काही उरलं नव्हतं. चुलीवर काहीतरी करपत असल्याचा वास येत होता, पण त्या हलल्या नाहीत.

मी उठलो आणि दादाच्या खोलीत गेलो. खुर्ची तशीच होती, डबा तसाच होता. खिडकीतून वहिनींची पाठ दिसत होती. माझा आणि दादाचा आवाज एक. आई होती तेव्हा तीसुद्धा दुसऱ्या खोलीतून फसायची. हे मला आयुष्यभर डाचत आलेलं, कारण मला दादासारखं काहीच व्हायचं नव्हतं. मी खिडकीचे गज धरले.

"अगं," मी म्हणालो. थोरल्या वहिनीला मी कधी असं म्हटलं नव्हतं, म्हणणं शोभत नव्हतं. "मारुंजीकडं."

त्यांची पाठ एकदम ताठ झाली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पाइप फिरू लागला.

"अजून."

वर काटा वळत होता. डोंगरावरचं ऊन त्याच्या नळ्यांवर पडलं होतं.

"अजून थोडा."

काटा मारुंजीवर आला. पुढचा शब्द मला म्हणवेना. तो म्हटला की संपणार होतं, दादा खरोखर जाणार होता, आणि त्याला घालवणारा मी होणार होतो. वहिनी दोन्ही हात पाइपावर ठेवून थांबल्या होत्या. त्या थांबूनच राहिल्या असत्या, हे मला दिसत होतं. इतकी वर्षं थांबल्याच होत्या.

"बास," मी म्हणालो.

त्यांनी कपाळ पाइपाला टेकवलं. मग हात सोडले, पदराला पुसले.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटायला आत गेल्या.